गाडीच्या एसीचा गॅस: कॅन आणून घरी भरायचा की गॅरेजच्या मशीनवर?

कुलिंग कमी झालं की सगळे आधी गॅसवरच येतात. पण गॅस काय पेट्रोलसारखा जळून संपत नाही, कमी झालाय म्हणजे कुठूनतरी गेलाय, आणि कधीकधी तर गॅस बरोबर असतो, नुसता कंडेन्सरचा (गाडीच्या पुढची, गॅस थंड करणारी जाळी) फॅन बंद असतो किंवा केबिन फिल्टर चोंदलेला असतो, तेव्हा ते आधी बघा.

आता कॅन, म्हणजे होज लावून घरीच गॅस भरायचा छोटा डबा. स्वस्त पडतो, दहा मिनिटांचं काम. पण त्याच्या होजवरचा गेज फक्त लो साइडचं, म्हणजे कंप्रेसरकडे परत येणाऱ्या कमी दाबाच्या बाजूचं प्रेशर दाखवतो, आणि ते प्रेशर बाहेरच्या तापमानावर, फॅनवर, इंजिनच्या आरपीएमवर हलत राहतं. काटा हिरव्या पट्ट्यात आला म्हणजे गॅस पुरता झाला असं अजिबात नाही. बऱ्याच छोट्या गाड्यांना एकूण गॅसच लागतो ४००-६०० ग्रॅम, त्यात शंभरेक ग्रॅम जास्त गेला तरी हाय साइडचं (कंप्रेसरनंतरच्या जास्त दाबाच्या बाजूचं) प्रेशर चढतं आणि कुलिंग उलट कमी होतं. मी स्वतः हे करून बसलोय, गार होत नाही म्हणून अजून मारला, अजून मारला, शेवटी मशीनने ६४० ग्रॅम बाहेर काढला, बोनेटखालच्या स्टिकरवर होते ४८०!

मशीनचा खरा फायदा इथेच आहे. ते आधी आतला सगळा गॅस ओढून घेतं आणि किती निघाला तो आकडा दाखवतं. मग अर्धा तास व्हॅक्युम, त्यात हवा आणि ओल निघून जाते, आणि व्हॅक्युम टिकला नाही तर लीक आहे हे गॅस घालायच्या आधीच कळतं. मग वजनावर मोजून भरायचं. सिस्टिम पूर्ण रिकामी झाली असेल तर आत हवा शिरलेली असते, तिथे कॅनचा विषयच संपला.

कंप्रेसरला वंगण देणाऱ्या ऑइलमध्ये तर लोक सर्रास चुकतात. त्याला डिपस्टिक नसते. गॅस हळूहळू गेला तरी ऑइल बहुतेक आतच राहतं, म्हणून दरवर्षी ऑइल मिसळलेला कॅन मारत राहिलात तर ते साठत जातं, इव्हॅपोरेटरला (डॅशबोर्डमागची, हवा गार करणारी जाळी) आतून थर बसतो आणि कुलिंग पडतं. मशीनवर गॅसबरोबर जितके मिली ऑइल निघालं तितकंच परत घालतात, एवढा साधा हिशोब. पॅग ऑइलसुद्धा (बहुतेक पेट्रोल-डिझेल गाड्यांच्या एसीतलं ऑइल) ४६, १०० की १५० जाडीचं, ते कंप्रेसरवर ठरतं, आणि उघडी ठेवलेली बाटली वापरू नका, ते हवेतली ओल ओढतं. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर कॅनला हातच लावू नका, त्या कंप्रेसरला बहुतेक पीओई नावाचं, वीज न वाहू देणारं वेगळं ऑइल असतं, पॅग गेलं तर कंप्रेसरच्या मोटरच्या इन्सुलेशनची वाट.

नव्या गाडीत आर-१२३४वायएफ हा नवा गॅस असेल तर मशीनच, तो थोडा ज्वलनशील आहे आणि आर-१३४ए हा जुना गॅस त्यात मिसळायचा नाही. लीक बंद करणारं सीलंट घातलेले कॅन तर कुठल्याच गाडीत नकोत, नंतर मशीनवाला गाडी घ्यायलाच तयार होत नाही.

मग कॅन कधी? आर-१३४एची जुनी गाडी, कित्येक वर्षं छान चालून आता जराशी कमी गार करतेय, तेव्हा ठीक. तेही कॅन वजनकाट्यावर ठेवून ५० ग्रॅम घालायचे, थांबून बघायचं, आणि होज फक्त लो साइडला, हाय साइडला लावला तर कॅन फुटू शकतो. हातमोजे घाला, हा गॅस उणे २६ डिग्रीला उकळतो, कातडी भाजल्यासारखी होते.