मराठी लेखकासाठी ब्लॉगर: घर फुकट, दारावरची पाटी मात्र आपली आपण लावायची

फेसबुकवर टाकलेली कथा आठवड्याभराने खुद्द लेखकालाही पटकन सापडत नाही. व्हॉट्सॲपवर सोडलेली कविता चौथ्या ग्रुपवर पोचेपर्यंत खालचं नाव गळून पडतं. लिहिणाऱ्याला म्हणूनच एक कायमचा पत्ता लागतो, जिथे सगळं लेखन नावानिशी, तारखेनिशी एकत्र सापडेल. असा पत्ता उभारायला ब्लॉगर ही सेवा आजही सर्वांत सोयीची आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. अट एवढीच, की ती जशी मिळते तशी वापरू नये. मूळ रचनेत मराठीचा विचार फारसा झालेला नाही, आणि तो पहिल्या दिवशीच आपल्याला करून घ्यावा लागतो.

पायरा लॅब्ज या कंपनीने ऑगस्ट १९९९ मध्ये ब्लॉगर सुरू केलं आणि २००३ मध्ये गूगलने ते विकत घेतलं. इतक्या वर्षांत चेहरामोहरा फारसा बदललेला नाही. नवं काही येत नाही ही तक्रार खरी आहे. पण लेखकाला रोज नवं काही लागतही नाही. मजकूर टिकावा, उघडावा, शोधात यावा, आणि त्यासाठी दरसाल पैसे भरावे लागू नयेत, या चारही गोष्टी इथे मिळतात. वर्डप्रेस डॉट कॉम या दुसऱ्या ब्लॉगसेवेच्या फुकट योजनेत जागा एक जीबी, पानावर त्यांच्या जाहिराती, आणि स्वतःचं डोमेन, म्हणजे विकत घेतलेलं आपल्या नावाचं जालावरचं पत्त्याचं नाव, जोडायचं तर सशुल्क योजना घ्यावी लागते. ब्लॉगर स्वतःचं डोमेन फुकट जोडू देतं. आमच्या दृष्टीने पारडं इथेच झुकतं.

आता मराठीची पहिली अडचण. ब्लॉगर लेखाच्या शीर्षकावरून त्याची लिंक तयार करतं, पण त्यात फक्त रोमन अक्षरं आणि अंक घेतं. शीर्षक 'पावसाळ्यातली कोकण रेल्वे आणि मी' असं दिलंत तर त्यातलं एकही अक्षर लिंकमध्ये येत नाही आणि लेखाचा पत्ता होतो नुसता 'ब्लॉग-पोस्ट'. पुढचा लेख 'ब्लॉग-पोस्ट' आणि मागे एक आकडा. शंभर लेख झाले की शंभर बिननावाच्या खोल्या. उपाय सोपा आहे. लिहिण्याच्या पानावर उजव्या पट्टीत 'परमालिंक' उघडा, 'कस्टम' निवडा आणि रोमन अक्षरांत तीन-चार शब्द लिहा: konkan-railway-pavsala. शब्दांमध्ये आडवी रेघ, जागा सोडायची नाही. हे प्रकाशित करण्याआधीच करायचं. नंतर बदलायचं झालं तर लेख पुन्हा मसुद्यात न्यावा लागतो, आणि तोवर लोकांनी पाठवलेली जुनी लिंक मरते. ती जगवायची असेल तर सेटिंग्जमधल्या 'कस्टम रीडायरेक्ट्स'मध्ये जुना पत्ता आणि नवा पत्ता अशी जोडी टाकावी. लिंकमधलं वर्ष आणि महिना मात्र काढता येत नाही.

वर्डप्रेस याच्या उलट वागतं. ते देवनागरी शीर्षक लिंकमध्ये घेतं, पण आतून प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी आणि पाय मोडल्याचं चिन्हसुद्धा नऊ-नऊ रोमन चिन्हांत साठवतं, आणि मर्यादा आहे दोनशेची. म्हणजे बावीस खुणा झाल्या की कात्री. वरचंच शीर्षक तिथे नेमकं 'रेल्वे'पाशी तुटतं, 'आणि मी' उडून जातं. शिवाय ती लिंक कॉपी करून पाठवली की पुष्कळदा टक्केचिन्हांची लांबलचक माळ दिसते, आणि अनोळखी वाचक ती पाहून उघडायलाच कचरतो. थोडक्यात, सेवा कुठलीही घ्या, लिंक हाताने लिहा.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसते, तरी तिचं कारण लवकर कळत नाही. ब्लॉगरवर बाहेरून घेतलेल्या बऱ्याच थीम, म्हणजे पानाच्या तयार रचना, इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या असतात आणि त्यांच्या शीर्षकांत अक्षरांमध्ये मुद्दाम अंतर सोडलेलं असतं. रोमन अक्षरांना ते शोभतं. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि 'मराठी' हा शब्द 'म रा ठी' असा दात पडल्यासारखा दिसतो. थीम, मग 'कस्टमाइझ', मग 'ॲडव्हान्स्ड', आणि यादीत शेवटी 'ॲड सीएसएस' (पानाचं रूप ठरवणाऱ्या सूचना लिहायची जागा) असा रस्ता आहे. तिथे शीर्षकांसाठी 'लेटर-स्पेसिंग' हा गुण 'नॉर्मल' करा. त्याच जागी मजकुराची 'लाइन-हाइट', म्हणजे ओळीची उंची, १.७ च्या आसपास ठेवा. वर मात्रा आणि रफार, खाली उकार आणि रकार यांना इंग्रजीपेक्षा जास्त जागा लागते. १.४ वर 'र्ती'ची वेलांटी वरच्या ओळीतल्या उकाराला जाऊन भिडते.

फॉन्टचं तसंच. थीममधल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर ज्याच्या-त्याच्या फोनमध्ये किंवा संगणकात जो देवनागरी फॉन्ट असेल तो दिसतो: अँड्रॉइडवर नोटो, विंडोजवर निर्मला, ॲपलवर कोहिनूर. वाचता येतं, पण पानाला आपला म्हणून चेहरा राहत नाही. गूगल फॉन्ट्सवर मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्त' फुकट आहे आणि लांब लेखांना उत्तम. कथा-कवितांसाठी 'टिरो देवनागरी मराठी' घ्यावा, कारण त्यात ल आणि श आपल्या मराठी वळणाचे आहेत. हिंदी वळणाचा ल कवितेत खुपतो, निदान आम्हाला तरी. फॉन्ट जोडताना एक चूक हमखास होते. गूगल फॉन्ट्सची ओळ जशीच्या तशी 'एडिट एचटीएमएल'मध्ये डकवली की ब्लॉगर लाल अक्षरांत त्रुटी दाखवतं आणि थीम साठवूच देत नाही. कारण त्या ओळीत & हे चिन्ह असतं आणि ब्लॉगरची थीम एक्सएमएलच्या कडक नियमांनी चालते. त्या चिन्हाला लागून लहान रोमन अक्षरांत ए, एम, पी आणि मग अर्धविराम लिहा, की ओळ स्वीकारली जाते. हात लावण्याआधी थीमचा बॅकअप उतरवून ठेवा.

सेटिंग्जमध्ये भाषा 'मराठी' केली की बटणं आणि तारखा मराठीत येतात. टाइम झोनही तेव्हाच पाहून घ्या. तिथे अमेरिकेतली वेळ राहिली असेल तर पाडव्याच्या सकाळी टाकलेल्या लेखावर आदल्या दिवसाची तारीख पडते.

डोमेनबद्दल थोडं सविस्तर, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते. आपल्या नावाचं डॉट इन किंवा डॉट कॉम घ्यावं, खर्च वर्षाला हजार रुपयांच्या आगेमागे. पहिल्या वर्षाच्या सवलतीला भुलू नका, नूतनीकरणाचा दर आधी विचारा. डॉट भारत हे देवनागरी डोमेन २०१४ पासून मिळतं आणि मराठीत लिहिता येतं. अभिमानाची गोष्ट आहे, पण काही ठिकाणी ते रोमन सांकेतिक अक्षरांत दिसतं, म्हणून जोडीला ठेवावं, मुख्य पत्ता करू नये.

ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये 'कस्टम डोमेन'मध्ये तीन डब्ल्यूंसह पूर्ण पत्ता लिहा. लगेच त्रुटीचा संदेश येईल. घाबरू नका, तो यायलाच हवा. त्यात दोन 'सीनेम' नोंदी (एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणाऱ्या) दिलेल्या असतात: एक तीन डब्ल्यूंची, गूगलच्या पत्त्याकडे नेणारी, आणि दुसरी फक्त तुमच्यासाठी तयार झालेली सांकेतिक जोडी. दोन्ही डोमेन विकणाऱ्याच्या डीएनएस पानावर, म्हणजे डोमेन कुठे उघडायचं ते ठरवणाऱ्या पानावर, टाकायच्या. नावाच्या रकान्यात फक्त तीन डब्ल्यू लिहा. तिथे पूर्ण पत्ता लिहिला तर पुष्कळ ठिकाणी डोमेनचं नाव मागे आपोआप जोडलं जातं, दुहेरी पत्ता तयार होतो आणि काहीच चालत नाही. विक्रेत्याने आधीच टाकलेली तीन डब्ल्यूंची नोंद असेल तर ती आधी पुसा. तीन डब्ल्यू न लिहिणाऱ्या वाचकांसाठी चार 'ए' नोंदी (डोमेनला आकडी पत्त्याकडे नेणाऱ्या) लागतात: २१६.२३९.३२.२१ आणि तिसऱ्या जागी ३२ च्या ऐवजी अनुक्रमे ३४, ३६ आणि ३८. मग ब्लॉगरमध्ये 'रीडायरेक्ट डोमेन' चालू करा. मग सुरक्षित जोडणीसाठी (एचटीटीपीएस) आधी 'एचटीटीपीएस उपलब्धता' चालू करून प्रमाणपत्र तयार होईपर्यंत थांबा, काही तास लागू शकतात. त्यानंतरच 'एचटीटीपीएस रीडायरेक्ट'. घाईने उलटा क्रम केला तर वाचकाला 'ही साइट सुरक्षित नाही' अशी पाटी दिसते. ब्लॉगरने फुकट दिलेला जुना ब्लॉगस्पॉटचा पत्ता यानंतर आपोआप नव्याकडे वळतो. डोमेनचे पैसे भरायचे राहून ते गेलंच, तर सेटिंग्जमधून ते काढून टाकल्यावर मजकूर ब्लॉगस्पॉटच्या पत्त्यावर पुन्हा उघडतो. ही सुरक्षितता फार मोलाची आहे.

जुनं लेखन चढवताना श्रीलिपी किंवा कृतिदेव या युनिकोडआधीच्या फॉन्टमधला मजकूर थेट डकवू नका, निरर्थक रोमन अक्षरं येतील. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग एकदा डोळ्यांखालून घालणं. रूपांतरात सर्वांत आधी बिघडतात रफार, पहिली वेलांटी आणि 'वाऱ्या', 'दऱ्या'मधला अर्धा र. त्यासाठी नुक्ता असलेला ऱ, पाय मोडून य, असा क्रम लागतो. साधा र वापरला तर 'वार्या' होतो. 'ॲ' हे एक अक्षर आहे, 'अ' वर चंद्र काढून जुळवलेलं वेगळं. दिसायला सारखंच, पण तुमच्या लेखांत शब्द शोधताना एक टाइप केलं तर दुसरं सापडेलच असं नाही. कोणतं वापरायचं ते ठरवून घ्या. वर्डमधून आणलेल्या मजकुराबरोबर त्याचे फॉन्ट आणि रंगही येतात, म्हणून कंट्रोल-शिफ्ट-व्ही ने डकवावं.

परिचयाच्या पानावर आपलं नाव देवनागरीत आणि रोमनमध्येही द्या, कारण बरेच वाचक रोमनमध्ये टाइप करून शोधतात. पुस्तकांची यादी प्रकाशक, वर्ष आणि आयएसबीएनसह असावी. प्रत्येक लेखाला 'शोध वर्णन' लिहा, पहिलं चित्र नीट निवडा, व्हॉट्सॲपवर लिंकखाली काय दिसणार ते त्यावर ठरतं. दिवाळी अंकासाठी ठेवलेली कथा इथे आधी टाकू नका. पुष्कळ संपादक जालावर आलेलं लेखन पूर्वप्रसिद्ध धरतात. अंक आधी, मग संपादकांना विचारून काही महिन्यांनी ब्लॉग.

ब्लॉगरची खरी उणीव वाचकांपर्यंत पोचण्यात आहे. ईमेलने लेख पाठवण्याची सोय जुलै २०२१ मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी काहीही आलं नाही. गूगल फॉर्मवर ईमेल गोळा करून जीमेलवरून 'बीसीसी'त पाठवणं सुरुवातीला पुरतं, साध्या जीमेलची मर्यादा दिवसाला पाचशे पत्त्यांची आहे. त्यापुढे ईमेलने लेख पाठवणारी सबस्टॅक ही सेवा चांगली, पाठवणं फुकट. सशुल्क वर्गणीवर ते दहा टक्के घेतं, आणि पैसे स्ट्राइप या ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीमार्फत येतात, ज्याचं नवं खातं भारतात २०२४ पासून फक्त निमंत्रणाने मिळतं. व्हॉट्सॲप चॅनेल जरूर काढा, पण तिथल्या वाचकांची यादी तुम्हाला कधीच मिळत नाही. ईमेलची वही तुमची राहते.

ब्लॉगरवरचे आकडे पाहून हुरळू नका, त्यांत यंत्रांच्या भेटीही असतात. गूगलचं 'सर्च कन्सोल' जोडा; त्यासाठी लागणारा साइटमॅप, म्हणजे ब्लॉगच्या पानांची यादी, ब्लॉगर स्वतः बनवतं. कोणते मराठी शब्द शोधून लोक आले ते तिथे कळतं.

शेवटचं काम लोक पुढे ढकलतात. सगळा ब्लॉग एका गूगल खात्याला टांगलेला असतो आणि दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं. दर सहा महिन्यांनी गूगलच्या 'टेकआउट' या सोयीतून सगळं उतरवून घ्या. मुलगी, भाऊ, स्नेही, ज्याच्यावर विश्वास असेल त्याला लेखक म्हणून निमंत्रण पाठवा, त्याने स्वीकारलं की त्याला 'ॲडमिन' करा. निमंत्रणाची लिंक काही दिवसांत निकामी होते, म्हणून ते समोर बसून स्वीकारून घ्या.