माउस आणि ट्रॅकबॉल: रोलर की ऑप्टिकल सेन्सर?

माउसपुरता निर्णय सोपा आहे, ऑप्टिकलच घ्या, म्हणजे टेबलाचे फोटो काढून हालचाल ओळखणारा. ट्रॅकबॉल मात्र जागेवरच राहतो आणि त्याचा गोळा बोटांनी फिरवून कर्सर हलवतात. त्याच्या खोक्यावर ‘ऑप्टिकल’ छापलेलं असलं तरी आतला गोळा कशावर टेकतो ते छापलेलं नसतं, आणि दिवसभर हाताला जाणवतं ते नेमकं तेच.

जुन्या माउसमध्ये रबर चढवलेला स्टीलचा गोळा दोन काटकोनातले रोलर फिरवतो. तिसरा स्प्रिंगवाला रोलर गोळ्याला त्यांच्यावर दाबून धरतो. रोलरच्या टोकाला फटी असलेली चकती असते. ती फिरली की इन्फ्रारेड एलईडीचा उजेड तुटतो आणि ते तुटणं मोजलं जातं. म्हणजे मोजणी इथेही बहुतेक वेळा उजेडानेच होते. गडबड होते ती रोलरवर. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर बाहेरची धूळ ओलसर हवेसोबत आत ओढतो, त्यात हाताचा घाम आणि तेल मिसळतं, आणि रोलरच्या मधोमध काळा पट्टा जमतो. कर्सर आडवा नीट जातो पण उभा अडखळतो, असं झालं तर एकच रोलर घाण झालाय. खालची रिंग फिरवून गोळा काढा, पट्टा टूथपिकने खरवडा, रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा. गोळ्याला मात्र अल्कोहोल लावू नका, रबर कोरडं पडतं. साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. एवढं करूनही कर्सर घसरत असेल तर रबर गुळगुळीत झालंय किंवा स्प्रिंग सैल झालीय, आणि मग त्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

ऑप्टिकल माउस टेबलाचे फोटो काढतो. १९९९ च्या मायक्रोसॉफ्ट इंटेलिमाउस एक्सप्लोररचा सेन्सर सेकंदाला १५०० फोटो घेऊन एकामागोमाग ताडून पाहत असे. त्याआधी १९८० च्या दशकातल्या ऑप्टिकल माउसला रेघांची खास पाटीच लागायची. आजही साधा ऑप्टिकल माउस स्वच्छ काचेवर चालत नाही, कारण ताडून पाहायला खुणाच सापडत नाहीत. काउंटरवर काच असेल तर कापडी पॅड घ्या, तो काम भागवतो. कर्सर जागच्या जागी थरथरत असेल तर खालच्या भिंगापाशी केस अडकलाय का ते आधी बघा. एका क्लिकचे दोन क्लिक होणं हा बटणाखालच्या मायक्रोस्विचचा दोष आहे. त्यासाठी सेन्सरला दोष देऊन चांगला माउस फेकू नका.

आता ट्रॅकबॉल. १९९५ च्या लॉजिटेक ट्रॅकमॅन मार्बलपासून ठिपक्यांचा गोळा आणि त्याच्याकडे बघणारा सेन्सर ही जोडी रुळली. बहुतेकांत गोळा तीन बारीक, न फिरणाऱ्या टेकूंवर बसतो. मळ जातो कुठे? या टेकूंवर. तिथे राखाडी कडं जमलं की गोळा आधी चिकटतो, मग एकदम उसळतो, आणि एक्सेलमधला छोटा कप्पा पकडता येत नाही. इलाज अर्ध्या मिनिटाचा आहे: खालच्या भोकातून पेन्सिलीने गोळा वर ढकला, टेकू कानकाडीने पुसा, सेन्सरची खिडकी कोरड्या ब्रशने झाडा. कूलरसमोर बसत असाल तर दर आठवड्याला करा. नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको, त्यातलं ॲसिटोन प्लास्टिक खातं. धुतलेला गोळा सुरुवातीला जड फिरतो. बोटांचं थोडं तेल लागलं की सैल होतो.

रोलरवाल्या जुन्या ट्रॅकबॉलमध्ये गोळा फिरत्या आधारावर असतो, म्हणून तो चिकटत नाही. हलक्या बोटाने एकेक पिक्सेल सरकवणाऱ्या ड्राफ्ट्समनला तो आवडतो यात नवल नाही. पण आसाभोवती केस गुंडाळतात, आवाज येतो, आणि कित्येकदा स्क्रू उघडावेच लागतात. ज्यांना ही सुरुवातीची हलकी चाल हवी आहे त्यांनी ऑप्टिकल सेन्सर आणि फिरत्या बेअरिंगचे टेकू असलेला ट्रॅकबॉल शोधावा. माझं मत त्यालाच आहे, मात्र त्याची थोडी खरखर ऐकू येते.

नागपूरच्या धंतोलीतल्या दवाखान्यांत सोनोग्राफी मशीनवर ट्रॅकबॉल असतो. तिथे शत्रू धूळ नसून वाळलेलं जेल असतं. अशा जागी सेन्सरच्या प्रकारापेक्षा वरची रिंग हाताने निघते का, हे आधी तपासा.

बर्डीत, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, दुकानात ट्रॅकबॉल घेताना गोळा बाहेर काढून दाखवायला सांगा. टेकू फिरतात की स्थिर आहेत ते बघा, मग गोळा बसवून एका बोटाने अगदी हळू ढकला. पहिल्या हालचालीलाच कर्सर सरकला पाहिजे.