क्रूझचं बुकिंग: कॉलेज रोडच्या एजंटकडून की स्वतःच?

नाशिकात क्रूझ ठरवायची म्हटली की दोन वाटा असतात. कॉलेज रोडला नाहीतर शरणपूर रोडला एखाद्या ट्रॅव्हल एजंटाच्या ऑफिसात बसायचं, चहा येतो, माहितीपत्रकं पसरली जातात. किंवा रात्री जेवणं उरकल्यावर लॅपटॉप उघडून कंपनीच्या साइटवर आपली केबिन आपणच निवडायची. मी दोन्ही करून पाहिलंय. आतली केबिन की बाल्कनीची, जेवणात काय धरलेलं असतं, हे तुम्हाला ठाऊक असणारच, म्हणून त्यात शिरत नाही.

मूळ भाड्यात फारसा फरक पडत नाही, हे आधी सांगतो. एजंटाचं कमिशन क्रूझ कंपनी देते. ते तुमच्या भाड्यावर वेगळं चढतंच असं नाही. त्यामुळे एजंट टाळला म्हणजे पैसे वाचलेच, असं धरून चालू नये. उलट त्याने ग्रुपसाठी आधीच उचललेल्या केबिन असतील तर तो साइटपेक्षा कमीही देऊ शकतो. भिशीच्या मंडळाची पंधरा-वीस माणसं निघाली असतील तर मी स्वतः बुकिंग करायच्या भानगडीत पडणार नाही.

फरक पडतो तो भाड्याला चिकटून येणाऱ्या गोष्टींत. सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझचं पॅकेज घेतलं की त्यात विमानतळ ते हॉटेल, हॉटेल ते बंदर अशा गाड्या, सिटी टूर, प्रत्येक बंदरावरची सहल असं सगळं बांधून येतं. यातलं बरंच लागत नाही. सिंगापूरला क्रूझची दोन टर्मिनल आहेत, मरीना बे आणि हार्बरफ्रंट. पहिल्याला मरीना साउथ पिअर हे मेट्रो स्टेशन जवळ, दुसऱ्याला हार्बरफ्रंटचं स्टेशन अगदी खेटून. चाकांच्या दोन बॅगा घेऊन मेट्रोने जाणं आरामात जमतं. आपलं जहाज कुठल्या टर्मिनलवरून सुटतं तेवढं तिकिटावर बघून ठेवा.

बंदरांचंही तसंच. मलेशियातल्या पेनांगला जहाज स्वेटनहॅम पिअरला लागतं, म्हणजे जवळपास जॉर्ज टाउन या तिथल्या जुन्या शहराच्या दारातच. खाली उतरून चालत निघालं की थोड्या वेळात लिटल इंडियात पोचता, शाकाहारी जेवण मिळतं, जुन्या गल्ल्या बघून होतात. तिथे सहलीचे पैसे देणं मला पटत नाही. क्वालालंपूरसाठीचं बंदर म्हणजे पोर्ट क्लांग, त्याचं मात्र उलट आहे. क्वालालंपूर तिथून तासाभराहून जास्त लांब, रस्त्यात गर्दी मिळाली तर विचारू नका. जहाजाचीच सहल घेतली असेल आणि बस अडकली तर जहाज थांबतं. तुम्ही टॅक्सीने गेलात तर थांबेलच असं नाही. तेव्हा क्वालालंपूर बघायचंच असेल तर पैसे द्यावेत, नाहीतर त्या दिवशी जहाजावरच राहावं. बरेच लोक उतरलेले असतात, पोहण्याच्या तलावापाशी खुर्ची मिळते. पॅकेजमध्ये पेनांग आणि पोर्ट क्लांग दोन्ही एकाच दोरीने बांधलेले असतात, आणि त्यातलं एक सोडा म्हटलं की एजंट म्हणतो, "साहेब, पॅकेज तुटतं."

पॅकेजवर टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच आगाऊ घेतला जाणारा आयकर, तोही कापला जातो. तो खर्च नव्हे, रिटर्न भरताना वळता होतो. पण तोवर पैसे अडकून पडतात, हे बजेट करताना लक्षात असू द्या.

आता ज्या गोष्टीने माझ्यापुरता निकाल लावला ती. क्रूझचं भाडं विमानासारखंच खालीवर होतं. डिपॉझिट भरल्यापासून शेवटचा हप्ता भरेपर्यंत मध्ये बरेच आठवडे जातात, आणि त्या काळात तीच केबिन स्वस्त झालेली दिसते किंवा त्याच भाड्यात जहाजावर खर्चायला काही रक्कम देऊ केलेली दिसते. भाड्याचा प्रकार तसा असेल तर कंपनी नवा दर लावून देते. एजंटाकडून केलेल्या बुकिंगच्या वेळी मला असा उतरलेला दर दिसला. कंपनीला फोन केला. बाई अतिशय नम्र होत्या. म्हणाल्या, बुकिंग एजन्सीच्या नावावर आहे, बदल त्यांच्याकडूनच होईल. एजंटाला फोन केला, तेव्हा कळलं की त्याने ते मुंबईच्या एका मोठ्या एजन्सीकडून घेतलंय, आता तो तिकडे विचारणार. शनिवार दुपार होती. सोमवारी तिकडून मेल आली की कंपनीला विचारलंय. कंपनीचं उत्तर येईस्तोवर ऑफर संपली होती.

यात कोणी फसवलं असं मी म्हणणार नाही. एजंट भला माणूस, व्हिसाचं काम त्याने चोख केलं. पण पैसे माझे, पासपोर्ट माझा, आणि बुकिंगला हात लावायचा अधिकार मात्र तीन टेबलांपलीकडे, हे मनात सलत राहिलं. कंपनीचं मूळ कन्फर्मेशन त्याने दिलंच नव्हतं. त्याच्या लेटरहेडवरचं व्हाउचर दिलं होतं, ज्यावर कंपनीचा बुकिंग नंबर नव्हता. जेवणाची वेळ बदलायची, केबिन जिन्याजवळ घ्यायची, असल्या बारीक गोष्टींसाठीही तोच फेरा.

नंतर स्वतः बुकिंग केलं तेव्हा पुन्हा दर उतरला. फोन केला, बुकिंग नंबर सांगितला, बोलता बोलता नवा दर लागला. प्रत्येक कंपनी, प्रत्येक भाडं असं करू देईलच असं नाही. डिपॉझिट परत न मिळणारं सगळ्यात स्वस्त भाडं असतं, त्यात बहुधा हे बसत नाही. माझं बसलं, एवढंच.

स्वतः करण्यातही कटकटी आहेत. पहिली नावाची. आपल्याकडे पासपोर्टवर नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी रांग असते. क्रूझच्या फॉर्मवर मधलं नाव एका रकान्यात, विमानाच्या फॉर्मवर दुसऱ्यात. पासपोर्ट समोर ठेवून, त्यात जसं आहे तसंच टाका, सौ.ना माहेरचं नाव असेल तर दोनदा बघा. दुसरी कार्डाची. परकी चलनात पैसे भरले की बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप, म्हणजे बँकेचा जादा आकार, आणि त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. लाखाच्या खर्चावर 4,130 रुपये नुसते असेच जातात. मार्कअप कमी असलेलं कार्ड किंवा परकीय चलन भरून ठेवायचं फॉरेक्स कार्ड आधी काढून ठेवलं तर इथेच बचत सुरू होते. कार्डाच्या मशिनने रुपये हवेत की डॉलर असं विचारलं तर जहाजाचं चलन निवडावं, रुपये नव्हे.

तिसरी व्हिसाची. पेनांग वगैरे फिरून जहाज परत सिंगापुरातच आणून सोडतं, म्हणजे तिथे दुसऱ्यांदा प्रवेश होतो. व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना, ते पाहून घ्या. तेवढं काम मी अजूनही एजंटाकडूनच करून घेतो, त्याची फी देऊन. तो रागावत नाही.

तारखांबद्दल एक. आपण दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी बघतो, पण सिंगापूरच्या जहाजांचे दर तिथल्या शाळांच्या सुट्ट्यांवरही चढतात, म्हणजे जून आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबर अखेरपर्यंत. पोरं मोठी झालेल्यांनी या तारखा चुकवल्या तर एजंटाच्या घासाघीशीपेक्षा जास्त सुटतात. आणि जहाज सुटायच्या दिवशीच मुंबईहून उडू नये, विमान उशिरा आलं तर जहाज वाट बघत नाही. एका रात्रीचं हॉटेल महाग वाटतं, पण ते सोडून बचत करायला मी तरी सांगणार नाही.

मुंबईहून निघणार असाल तर माझ्या मते एजंटाकडे जाण्याचं कारणच उरत नाही. कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं एम्प्रेस हे 1990 सालचं जहाज 2021 पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीप करतं. देशातल्या देशात असल्याने व्हिसा नाही, पासपोर्ट नाही, विमान नाही. सकाळची पंचवटी धरली की सीएसएमटी, तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने जवळच. पावसाळा सोडून तारखा बघा. या पहिल्या जहाजावर क्रूझ आपल्याला मानवते का, हे कमी पैशात कळतं.

जहाजावर चढल्यावर वाचवायच्या गोष्टी दोन्ही वाटांना सारख्याच. फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर समुद्रातलं रोमिंग घरी आल्यावर बिलात भेटतं. माणशी, दर रात्रीमागे टिप आपोआप लागते, ती आधीच भरून टाकली की शेवटच्या रात्रीचं बिल बघून धक्का बसत नाही. पेयांचं पॅकेज घ्यायचं असेल तर ते जहाजावर घेण्यापेक्षा निघण्याआधी साइटवर बघावं, तिथे बऱ्याचदा स्वस्त असतं. आणि हे बघायला बुकिंग नंबर आपल्याकडे असावा लागतो, हे आलंच. काही कंपन्या चढताना मोठ्या माणसामागे वाइनची एक बाटली नेऊ देतात. नाशिककराने ही सवलत वाया घालवू नये. घरचा डबा बहुतेक ठिकाणी चालत नाही, पण सीलबंद चिवड्याला सहसा कोणी हरकत घेत नाही.

आईवडील बरोबर असतील, व्हीलचेअर लागणार असेल, जैन जेवण हवं असेल, किंवा रात्री अकराला कोणाला तरी फोन करून ओरडता यावं असं वाटत असेल, तर एजंट घ्या, मी अडवणार नाही. फक्त डिपॉझिट देण्याआधी त्याला तीन गोष्टी विचारा: कंपनीचा बुकिंग नंबर मला मिळेल का, शेवटचा हप्ता कोणत्या तारखेला, आणि मधल्या काळात दर उतरला तर तुम्ही स्वतः बदलू शकता की पुढे कोणाला विचारावं लागतं. तिसऱ्या प्रश्नावर तो जरा घुटमळला, तर लॅपटॉप घरी आहेच.