काळा घोड्याला जायचं: महालक्ष्मी की एसटी?

मुंबईच्या फोर्ट भागातला काळा घोडा कला महोत्सव 1999 पासून भरतो, साधारण नऊ दिवस, आणि प्रवेश फुकट. म्हणजे कोल्हापूरकराचा खरा खर्च जाण्यायेण्याचा आणि मुक्कामाचा.

माझं मत महालक्ष्मी एक्सप्रेसच्या बाजूनं. रात्री जेवून गाडीत बसायचं, स्लीपरच्या बर्थवर चादर अंथरायची, मिरज गेलं की डोळा लागतो. सकाळी थेट सीएसएमटी. बॅग क्लोकरूममध्ये टाकली, की फोर्टातनं पंधरा-वीस मिनिटं चालत काळा घोडा! टॅक्सी नको, लोकलची ढकलाढकली नको. रात्री पुन्हा हीच गाडी, त्यामुळं लॉजचं भाडं शून्य. वाटेत जहांगीर कलादालन लागतं, तिथंही तिकीट नाही. गोची एकच. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि शनिवार-रविवारचं पटकन भरतं. वेटिंगवर भरवसा ठेवू नका, भावांनो.

एसटी कुणासाठी? ऐनवेळी ठरवणाऱ्यांसाठी. बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट, म्हणून आई-आजीला घेऊन जाणार असाल तर हिशेब बदलतो. पण रात्रभर बसून पाठ धरते, आणि मुंबई सेंट्रलला उतरून पुढं लोकलनं चर्चगेट गाठायचं. आमची आत्या तशीच गेली होती. दुपारी दोनला डेव्हिड ससून लायब्ररीच्या बागेत कार्यक्रम सुरू, आणि ही खुर्चीत घोरतेय.

डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मात्र दोन्हीकडं न्या. तिथल्या कॅफेत एका कॉफीच्या पैशात आपल्याकडं मिसळ होते.