मिलमधल्या आजोबांसाठी इंग्रजी शब्द कोणता?

इंदुरातल्या मराठी घरातली नातवंडं परदेशी कॉलेजच्या अर्जात कापड मिलमध्ये राबलेल्या आजोबांवर लिहायला बसली, की दर दुसऱ्या ओळीत 'हार्ड वर्क' येतं. चूक काहीच नाही, पण चवही नाही. 'वर्क' हा शब्द कलेक्टरालाही चालतो आणि हमालालाही.

'लेबर'ला मजुरीचा हिशेब चिकटलेला असतो. युनियन, संप, लेबर कोर्ट सगळं त्याच्यात आलं. इंदुरातली हुकुमचंद मिल डिसेंबर 1991 मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचा मार्ग डिसेंबर 2023 मध्ये मोकळा झाला. त्या लढ्याबद्दल लिहायचं तर 'लेबर'च हवा. नुसत्या कौतुकासाठी मात्र 'हार्ड लेबर' लिहू नका, सक्तमजुरीची शिक्षा भोगून आल्यासारखं वाटतं. (अर्ज अमेरिकेत जाणार असेल तर स्पेलिंगमधला यू गाळा.)

खरी निवड 'टॉइल' आणि 'ड्रजरी' यांच्यात आहे, आणि घोटाळाही तिथेच होतो. 'टॉइल' म्हणजे आपलं राबणं: अंग मोडणारं, वर्षानुवर्षं चाललेलं. त्यात राबणाऱ्याचा मान राहतो. चर्चिलने 13 मे 1940 च्या भाषणात रक्त, अश्रू आणि घाम यांच्या पंगतीला हाच शब्द बसवला होता. म्हणून तो जरा भाषणी आहे. निबंधात एकदाच येऊ द्या. 'ड्रजरी' माणसाला सोडून कामावर शेरा मारते: रटाळ, तेच ते, डोकं न लागणारं. आता साच्याच्या (म्हणजे मागाच्या) खडखडाटात तुटलेला धागा नेमका हेरून चटकन गाठ मारणाऱ्या माणसाच्या कामाला तुम्ही परस्पर 'ड्रजरी' ठरवणार? आजोबा स्वतःच तसं म्हणत असतील तर गोष्ट वेगळी.

'ट्रॅव्हेल' (travail, म्हणजे कष्टच) पुस्तकी आहे, सोडून द्या. वाचणाऱ्याला प्रवासाच्या 'ट्रॅव्हल'चं स्पेलिंग चुकलंय असं वाटायचं. 'एफर्ट' जपून वापरा. 'ही मेड ॲन एफर्ट' म्हटलं की 'प्रयत्न केला बिचाऱ्याने' असा सूर लागू शकतो.

आणि अनंत चतुर्दशीची झांकी, म्हणजे मिरवणुकीतला सजवलेला देखावा? पाळी संपल्यावर मिलमधली मंडळी रात्र रात्र जागून ती उभी करायची. तिथे 'टॉइल' नको, 'लेबर ऑफ लव्ह' लिहा. एरवी मजुरी मोजणारा 'लेबर' या एका प्रयोगात पगार विसरतो.