टेक्सास की मँचेस्टर: रोजच्या जगण्याचा हिशेब

अमेरिकेत दहा-पंधरा वर्षं काढलेल्या ओळखीच्या मंडळींकडून हल्ली एक प्रश्न वरचेवर येतो. कंपनी इंग्लंडला बदली देतेय, किंवा ग्रीन कार्डाच्या रांगेचा कंटाळा आलाय, किंवा मुलं लहान आहेत तोवर युरोप बघून घेऊ म्हणतोय. जावं का? मी डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत राहिलोय आणि आता मँचेस्टरला लागून असलेल्या स्टॉकपोर्टात राहतो, तेव्हा दोन्हीकडचं थोडंफार बोलू शकतो. व्हिसाचे नियम, पगाराचे तक्ते, शाळांची क्रमवारी हे सगळं तुमचं एव्हाना चाळून झालं असणार. ते सोडून रोजचं जगणं कसं पडतं तेवढंच लिहितो.

पैशाचं आधी उरकून टाकू, कारण त्यात वाद नाही. अमेरिकाच पुढे. सॉफ्टवेअरमध्ये त्याच कामाचे इथे बरेच कमी पैसे मिळतात. टेक्सासात राज्याचा प्राप्तिकर नाही. इथे ५०,२७० पौंडांच्या वर गेलात की पुढच्या कमाईवर ४० टक्के. त्यातून तुम्ही अमेरिकी नागरिक झाला असाल तर तिथला करखात्याचा ससेमिरा मागे सोडून येता येत नाही. जगात कुठेही कमवा, दरवर्षी तिथलं विवरणपत्र भरायचंच, आणि अमेरिकेबाहेरच्या खात्यांतली एकूण रक्कम १०,००० डॉलरच्या वर गेली की त्या खात्यांची माहिती वेगळी कळवायची. इथली माणसं करमुक्त बचतीसाठी आयसा खातं उघडतात. अमेरिकेचं करखातं त्या खात्याची करमुक्ती मानत नाही. पुढची पाच वर्षं गाठीला पैसा बांधायचाच असं ठरलेलं असेल तर खालचं वाचलं नाही तरी चालेल.

घरातही अमेरिका पुढे. इथल्या घरांत कपडे धुण्याचं मशीन स्वयंपाकघरात असतं, जिना अंगावर येतो, आणि जुन्या घरात बेसिनला दोन नळ असतात, एकातून बर्फ, दुसऱ्यातून चटका. एसी नसतो. खिडक्यांना जाळ्या नसतात, पण त्यांची फारशी गरजही पडत नाही. अमेरिकेतून आलेल्यांना इथली विजेची किटली फार आवडते, कारण २३० व्होल्टांवर ती तिकडच्या किटलीच्या जवळजवळ दुप्पट ताकदीनं चालते. आपला चहा तसाही पातेल्यातच उकळतो, त्यामुळे मला तिचं तितकं कौतुक नाही.

माझं पारडं फिरवलं ते मात्र दुधानं. फ्रिस्कोत आमच्या वरच्या खिडकीतून दुकान दिसायचं. सबडिव्हिजनच्या, म्हणजे आमच्या वसाहतीच्या, भिंतीपलीकडे सहा पदरी रस्ता, त्यापलीकडे पार्किंगचं भलंमोठं मैदान, आणि त्याच्या टोकाला दुकान. सबडिव्हिजनच्या आत फूटपाथ अगदी गुळगुळीत. लोक त्यांवर कुत्री फिरवायचे. पण ते फूटपाथ कुठे जात नसत, गोल फिरवून पुन्हा आपल्याच दारात आणून सोडत. दुकानात पायी जायचं तर आधी उलट दिशेनं वसाहतीच्या फाटकापर्यंत जा, मग वळसा घालून सिग्नलपर्यंत, तिथे बटण दाबून उभे राहा, आणि लाल दिव्यावरही उजवीकडे वळता येतं म्हणून फक्त डावीकडे बघत येणाऱ्या पिकअपसमोरून पलीकडे व्हा. त्यानंतर ते मैदान तुडवायचं, जुलैत, शंभर अंश फॅरनहाइटमध्ये. कोण जाईल? गॅरेजचं दार वर करायचं, गाडी काढायची, अर्धा गॅलन दूध आणायचं, गाडी आत घ्यायची. डॅलसच्या डार्ट सेवेत फ्रिस्को सामीलच नाही, त्यामुळे बसचा विषयही निघत नाही.

गाडी आहे, पेट्रोल स्वस्त आहे, मग बिघडलं काय, असं तुम्ही म्हणाल. एकट्यादुकट्याचं काहीच बिघडत नाही. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले की कळतं. साताऱ्यात रोज मंडई, वाचनालय आणि येताना दोन घरी चहा असा फेरा मारणारा माणूस तिथे सकाळपासून माझी वाट बघत बसायचा. मी ऑफिसातून आलो की बूट घालून तयार. देवळात जायचं तरी मुलगा हवा, केस कापायचे तरी मुलगा हवा. हनुमानाचं देऊळ छान आहे हो फ्रिस्कोत, पण बाबांना तिथे जाण्यापेक्षा आपलं आपण जाण्याची हौस होती. दोन महिन्यांतच ते परतीचं तिकीट अलीकडचं मिळतं का विचारायला लागले. मुलांचंही तेच. तेरा वर्षांचा मुलगा मित्राकडे जाणार तर आई-बापांपैकी एकानं ड्रायव्हर व्हायचं, आणि ते तो सोळाचा होईपर्यंत.

स्टॉकपोर्टला बाबा आले तेव्हा आठवडाभरात एकटे बाहेर पडायला लागले. कोपऱ्यावर दुकान, चार घरं सोडून न्हावी, खाली उतरलं की ग्रंथालय, आणि रस्त्यावरून पिवळी बस. ग्रेटर मँचेस्टरच्या बस जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे सार्वजनिक नियंत्रणाखाली, बी नेटवर्कच्या नावानं धावतात. वेळेवर येतात असं छातीठोकपणे नाही सांगणार, पण येतात. झेब्राच्या पट्ट्यांना दोन्हीकडे पिवळ्या गोल दिव्यांचे खांब असतात आणि तुम्ही पाऊल टाकलंत की गाडीला थांबावंच लागतं. २०२२ मध्ये वाहतुकीच्या नियमावलीत बदल झाला. आता वळणाऱ्या गाडीनं, रस्ता ओलांडायला नाक्यावर नुसता उभा असलेल्या माणसालाही आधी जाऊ द्यायचं असतं. सगळ्या चालकांना हे ठाऊक आहे असं वाटत नाही, तेव्हा जरा जपूनच. मोटरवे सोडले तर रस्ता कुठेही ओलांडणं हा इथे गुन्हा नाही. मराठी माणसाला एवढ्यानंच घरी आल्यासारखं वाटतं.

ही झाली गावातली गोष्ट. गावाबाहेरचं मला अधिक आवडलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून सुमारे १,४०,००० मैल सार्वजनिक पायवाटा आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक खासगी जमिनीतून जातात. शेताच्या कुंपणाला लाकडी पायरी असते, खांबावर पिवळा बाण असतो, आणि तुम्ही सरळ कोणाच्यातरी गाईंमधून चालत जाता. परवानगी लागत नाही. जमीन विकली गेली तरी वाट राहते. शेतकऱ्यानं वाटेवर नांगर फिरवला तर साधारणपणे चौदा दिवसांत वाट पुन्हा मोकळी करून द्यायची, असा कायदा आहे. ऑर्डनन्स सर्व्हेच्या नारिंगी कव्हरच्या नकाशात या वाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवतात. त्यातला एखादा नकाशा पसरला की रविवारचं काम झालं. टेक्सासात जवळजवळ सगळी जमीन खासगी, आणि कुंपणापलीकडे पाऊल टाकण्याचा विचार तिथे कोणी करत नाही. कारण तुम्हाला माहीत आहे, बंदूक.

हा हक्क इथे आयता मिळालेला नाही. मँचेस्टर पिकॅडिलीहून शेफील्डच्या बाजूची थांबत जाणारी गाडी पकडली की साधारण पाऊण तासात ईडेल येतं. वर किंडर स्काउटचं पठार. तिथे गिरणीवाल्यांच्या शहरांतली पोरं जाऊ नयेत म्हणून जमीनदारांनी राखणदार ठेवले होते. २४ एप्रिल १९३२ ला बेनी रॉथमन या विशीतल्या कामगार तरुणाच्या पुढाकारानं काहीशे जण ठरवून त्या जमिनीत घुसले. पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला, १९५१ मध्ये हाच भाग देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला, आणि २००० च्या कायद्यानं इंग्लंड-वेल्सच्या मोकळ्या माळांवर वाट सोडूनही हिंडायची मुभा दिली. (लंडनचं महाराष्ट्र मंडळही १९३२ चंच. योगायोग, पण मला मौज वाटते.) सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला किंडर डोंगर म्हणून किरकोळच वाटेल, कळसूबाई १,६४६ मीटर, हा ६३६. पण खाली उतरलं की चिखलाच्या बुटांसकट पबमध्ये घेतात, आणि कोपऱ्यात कोणाचा तरी कुत्रा झोपलेला असतो.

निसर्गाच्या भव्यतेत मात्र तुलना करू नये. योसेमिटी किंवा ग्रँड कॅन्यनसमोर उभं राहिल्यावर जे होतं ते इथे होत नाही. फरक इतकाच की ते वर्षातून एकदा होतं आणि त्यासाठी विमान लागतं, हे दर रविवारी होतं आणि त्याला बसचं तिकीट पुरतं.

पावसाबद्दल सगळे घाबरवतात. वर्षाची बेरीज केली तर डॅलसला मँचेस्टरपेक्षा थोडा जास्तच पाऊस पडतो. तिकडे तो एका संध्याकाळी गारा, सायरन आणि विम्याचा दावा घेऊन येतो. इकडे वर्षभर भुरभुरत राहतो. मुंबईचा जुलै काढलेल्याला त्याचं काही वाटत नाही. खरा त्रास अंधाराचा. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, आणि तो दिवसभर होता की नाही याचीही खात्री नसते. मला जानेवारी जड जातो. बायकोला तर इथला हिवाळा अजिबात मानवलेला नाही, आणि तिचं मत घेतलंत तर हा लेख निम्मा उलटा होईल.

बाकी बारीकसारीक सुखं. पाटीवर जी किंमत असते तीच द्यायची, कर त्यातच धरलेला असतो. पबमध्ये काउंटरवर जाऊन मागायचं, तिथेच पैसे द्यायचे, मग तास बसा नाहीतर तीन तास. शेवटचा घास तोंडात असताना बिल टेबलावर येत नाही. मोठ्या हॉटेलांत बिलात साडेबारा टक्के सेवाशुल्क लावतात, पण टिप किती ठेवावी या विचारानं जेवण कडू होत नाही. टेक्सासात वाढणाऱ्याला मालकानं तासाला २.१३ डॉलर दिले तरी कायद्याला चालतं, १९९१ पासून तोच आकडा आहे, त्यामुळे त्याचा पगार व्यवहारात तुमच्याच खिशातून जातो. हे कळत असूनही स्क्रीनवरचे १८, २०, २५ टक्के बघून मला दर वेळी अपराधी वाटायचं.

सुट्टीचं सांगायलाच हवं. पूर्णवेळ नोकरी असेल तर वर्षाला २८ दिवस भरपगारी रजा हा कायद्यानं किमान हक्क आहे. बँक हॉलिडे त्यातच मोजायची मालकाला मुभा असली तरी. आजारपण त्यात धरत नाहीत. अमेरिकेत केंद्रीय कायदा एकाही भरपगारी रजेची सक्ती करत नाही. तिकडे गणपतीला आठवडाभर रजा टाकताना मी कारण शोधायचो. इथे साहेबानं विचारलं ते एवढंच, दोन आठवडे का नाही घेत?

दवाखान्याचं बिल हा तुम्हा सगळ्यांचा आवडता विषय, पण सुदैवानं माझा अनुभव तुटपुंजा आहे. व्हिसावर येताना मोठ्या माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार आधीच भरावा लागतो. त्यानंतर डॉक्टरकडे बिल नावाचा प्रकार नाही, इंग्लंडात चिठ्ठीतल्या प्रत्येक औषधाला दहा पौंडांच्या आसपास, स्कॉटलंड-वेल्समध्ये तेही नाही. त्याऐवजी सकाळी आठला फोन लावून डॉक्टरची वेळ मिळवण्याची शर्यत आणि तज्ज्ञाकडे महिनोन् महिने वाट. जुनं दुखणं असणाऱ्यानं दोन्हीकडे नीट चौकशी करूनच ठरवावं.

एक गोष्ट येण्याआधी कोणी सांगत नाही. अमेरिकेच्या लायसनवर इथे बारा महिनेच गाडी चालवता येते, आणि ते बदलून मिळत नाही. वीस वर्षं हायवेवर काढली असली तरी लेखी परीक्षा, मग रस्त्यावरची परीक्षा, तिच्या तारखेसाठी कित्येक महिने थांबायचं. ऑटोमॅटिकवर दिलीत तर गिअरची गाडी चालवायची नाही. आल्या आल्या अर्ज टाका.

आणि घर घेताना सांभाळा. बायपासच्या कडेला नव्या वसाहती उठताहेत, खोल्या मोठ्या, गॅरेज आहे, अमेरिकेतून आलेल्याला पटकन भुरळ पडते. तिथे ना दुकान ना बस. फ्रिस्कोची गैरसोय मिळते आणि फ्रिस्कोची जागा मिळत नाही. त्यापेक्षा शंभर वर्षांपूर्वीचं अरुंद घर परवडलं. बघायला एजंटच्या गाडीतून जाऊ नका, स्टेशनवर उतरून चालत जा. जमलं तर नोव्हेंबरात, संध्याकाळी साडेचारनंतर. तेव्हाही रस्त्यावर उघडी दुकानं आणि येणारी-जाणारी माणसं दिसली तर बोलणी पुढे न्यायला हरकत नाही.