कुत्र्यासाठी वर्गणी: ॲपला दोन तारे

लेकीला टाइप १ मधुमेह. झोपेत साखर ७० च्या खाली उतरली तरी तिला कळत नाही. अशा वेळी श्वासातलं आयसोप्रीन नावाचं रसायन वाढतं. शिकवलेला कुत्रा बहुधा तोच वास ओळखून उठवतो. (अंगावरचा साखर मोजणारा सेन्सर मात्र काढायचा नाही, डॉक्टरांनी बजावलंय.) कुत्र्याच्या शिक्षणासाठी एका ॲपवर वर्गणीचं पान उघडलं. मांडणी सुरेख, यूपीआय चालतं. पण देणाऱ्याच्या रकमेवर ॲपसाठीची ‘टिप’ आधीच लावलेली! आत्याबाईंनी ५०० दिले, खात्यातून गेले ५७०. म्हणाल्या, “मेल्यांनी दक्षिणा परस्परच काढली की!” तक्रारीला उत्तर नवव्या दिवशी, तेही छापील. त्यापेक्षा बडोद्याच्या दांडिया बाजारात गणपतीत पुरणपोळ्या विकल्या, ते पैसे अख्खे हातात आले. ॲप वापरणारच असाल, तर टिपचा आकडा शून्य करायला नातेवाइकांना आधीच सांगून ठेवा.